म्होरक्या पडला, की बंड संपते?

एखाद्या बंडखोर संघटनेचा मोठा नेता मारला गेला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक बाजू म्हणते, ‘कणा मोडला.’ दुसरी म्हणते, ‘हे रक्तबीज आहे, एक मारला, दहा उभे राहतील.’ दोघांच्याही खिशात दाखले तयार असतात. पेरूमध्ये १९९२ साली एक माणूस पकडला गेला आणि देश पोखरणारी संघटना काही वर्षांतच विरत गेली. लेबनॉनमध्ये त्याच वर्षी एक माणूस मारला गेला आणि त्याच्या जागी बसलेल्याने संघटना पूर्वीपेक्षा कितीतरी बलाढ्य केली. मग नेमके हेरून केलेले प्रहार, ते विमानातून असोत, ड्रोनने असोत वा कमांडो पाठवून, बंड संपवू शकतात का? या प्रश्नावर जगभर जमा झालेला अनुभव आता मोठा आहे, आणि त्यात महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचाही वाटा आहे.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. २०१९ चा बालाकोट हल्ला किंवा मे २०२५ मधले ऑपरेशन सिंदूर यांचा उल्लेख या चर्चेत नेहमी होतो. पण त्या कारवायांचा रोख सीमेपलीकडचे तळ आणि त्यांना आसरा देणारे शेजारी राष्ट्र यांच्यावर होता. हेतू होता किंमत वसूल करण्याचा आणि धाक बसवण्याचा. धाक बसला की नाही, हा स्वतंत्र वादाचा विषय आहे. आपल्यासमोरचा प्रश्न वेगळा आहे: एखाद्या प्रदेशात मुळे धरलेली, तिथल्याच माणसांतून भरती करणारी सशस्त्र चळवळ निवडक प्रहारांनी कायमची थांबते का?

अभ्यासक काय सांगतात

‘रँड’ या अमेरिकी संस्थेसाठी सेथ जोन्स आणि मार्टिन लिबिकी यांनी २००८ मध्ये केलेली पाहणी अजूनही आधाराला घेतली जाते. १९६८ ते २००६ या काळातल्या ६४८ दहशतवादी संघटना त्यांनी तपासल्या. ज्या संपल्या, त्यांपैकी ४३ टक्के राजकीय प्रक्रियेत सामील होऊन संपल्या, ४० टक्के स्थानिक पोलीस आणि गुप्तवार्ता यंत्रणांमुळे, १० टक्के आपले उद्दिष्ट साधून आणि केवळ ७ टक्के लष्करी बळाने. हा ७ चा आकडा भाषणांतून फार मिरवला जातो. त्याच अहवालातली पुढची नोंद मात्र मागे पडते: मोठ्या, सुसज्ज, बंडखोरीपर्यंत पोचलेल्या संघटनांच्या बाबतीत लष्कराचा वाटा १९ टक्क्यांवर जातो. तिथेही जवळपास निम्म्या संघटना वाटाघाटींनीच संपल्या.

नेत्यांना टिपण्यापुरता प्रश्न घेतला तर अभ्यासकांत दोन तट आहेत. जेना जॉर्डन यांचा निष्कर्ष असा की जुन्या, मोठ्या आणि धार्मिक अधिष्ठान असलेल्या संघटना नेत्याचा मृत्यू पचवतात. त्यांची घडी बसलेली असते आणि लोकांतला आधार शाबूत असतो. पॅट्रिक जॉन्स्टन आणि ब्रायन प्राइस यांनी २०१२ मध्ये उलट बाजू मांडली. नेता हटवला गेला तर सरकारची बाजू वरचढ ठरण्याची आणि संघटनेचे आयुष्य घटण्याची शक्यता वाढते, असे त्यांच्या आकडेवारीत दिसले. पण प्राइस यांनी एक मेख सांगितली. संघटना तरुण असताना घाव बसला तरच परिणाम मोठा. ती जितकी जुनी, तितका तो कमी. म्हणजे दोन्ही तट एका मुद्द्यावर नकळत एकत्र येतात: कोणाला मारले यापेक्षा कोणत्या संघटनेतून आणि कधी मारले, याला महत्त्व जास्त.

जिथे घाव उलटला

लेबनॉनचा दाखला घ्या. १६ फेब्रुवारी १९९२ रोजी इस्रायलने हेलिकॉप्टरमधून हल्ला करून हिजबुल्लाचा सरचिटणीस अब्बास अल-मुसावी याला ठार केले. त्याच्या जागी हसन नसरल्ला आला. मुसावीपेक्षा तो अधिक कसलेला संघटक निघाला आणि बत्तीस वर्षे त्या पदावर राहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये तोही मारला गेला. त्याच्या आगेमागे संघटनेचे वरचे जवळजवळ सगळे थर कापले गेले, तेव्हा हिजबुल्ला खिळखिळी झाली; विसर्जित मात्र झाली नाही.

नायजेरियात तर आणखी वाईट घडले. ‘बोको हराम’चा संस्थापक मोहम्मद युसूफ जुलै २००९ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. त्याची गादी अबुबकर शेकाऊने घेतली आणि संघटना कितीतरी क्रूर झाली. २०१४ मध्ये चिबोकच्या शाळेतून २७६ मुली पळवणारी संघटना ती हीच. नेता जातो तेव्हा त्याच्या जागी मवाळ माणूस येईल अशी कोणतीही हमी नसते. उलट अशा वेळी जो सर्वांत कडवा, त्याचीच सरशी होण्याचा संभव जास्त.

इराकमध्ये ७ जून २००६ रोजी तिथल्या अल-कायदाचा म्होरक्या अबू मुसाब अल-झरकावी हवाई हल्ल्यात मेला आणि हिंसा त्यानंतर आणखी वाढली. ती ओसरली २००७-०८ मध्ये. तोपर्यंत अन्बारमधल्या सुन्नी टोळ्या अल-कायदावर उलटल्या होत्या आणि वस्त्यावस्त्यांत वाढीव अमेरिकी फौज ठाण मांडून बसली होती. एप्रिल २०१० मध्ये संघटनेचे दोन सर्वोच्च नेते एकाच छाप्यात गेले, तेव्हा ती खरोखर मोडकळीला आली होती. पण अमेरिकी सैन्य निघून गेले, बगदादच्या सरकारने सुन्नींना दूर लोटले, शेजारी सीरिया पेटला, आणि जून २०१४ मध्ये त्याच संघटनेच्या नव्या अवताराने मोसुल घेतले. घाव अचूक होता. जखमेत पुन्हा पू होऊ नये म्हणून करायचे काम मात्र कोणी केले नाही.

मराठी वाचकाला हे गणित इतिहासातून ठाऊक आहे. मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या केल्यावर मराठी राज्य आटोपले, असा औरंगजेबाचा हिशेब होता. काही महिन्यांत रायगडही पडला. पण राजाराम महाराज जिंजीला पोचले, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव स्वतंत्रपणे फौजा हाकू लागले, वतनांच्या आश्वासनावर सरदारांनी आपापले मुलूख लढते ठेवले. १७०० मध्ये राजाराम महाराजही गेले आणि ताराबाईंनी सूत्रे घेतली. बादशहा १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावला तोवर युद्ध चालूच होते. सत्ता एका जागी एकवटलेली नव्हती आणि लढण्याची कारणे प्रत्येक गढीत जिवंत होती. अशा लढ्याला एकच मस्तक नसते.

ड्रोनचे दशक

नेमक्या प्रहारांचा एक दीर्घ प्रयोग अमेरिकेने केला तो पाकिस्तानच्या वझिरीस्तानात. जून २००४ मध्ये नेक मोहम्मद या तालिबानी कमांडरपासून सुरुवात झाली. २०१० या एका वर्षात शंभराहून अधिक ड्रोन हल्ले झाले. त्यांचा परिणाम झाला नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. अबोटाबादमध्ये सापडलेल्या कागदपत्रांत बिन लादेन आपल्या माणसांना वझिरीस्तान सोडण्याचे सल्ले देताना दिसतो. फोन बंद झाले, बैठका थांबल्या, खबऱ्याच्या संशयावरून आपल्याच माणसांचे गळे कापले गेले. स्फोटके बनवणारा, पैसा फिरवणारा, मुलांना प्रशिक्षण देणारा असा मधला थर विरळ झाला. अल-कायदाची दूरवर हल्ले करण्याची ताकद घटण्यात या मोहिमेचा हात नक्की आहे.

पण त्याच भूमीवरची ‘तेहरिक-ए-तालिबान पाकिस्तान’ पाहा. बैतुल्ला मेहसूद २००९ मध्ये गेला, हकीमुल्ला मेहसूद नोव्हेंबर २०१३ मध्ये गेला. पुढचा म्होरक्या फझलुल्ला. त्याच्या कारकिर्दीत डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या लष्करी शाळेत मुलांचे हत्याकांड झाले. फझलुल्लाही २०१८ मध्ये ड्रोननेच मारला गेला. नंतर आलेल्या नूर वली मेहसूदने फुटलेले गट एकत्र केले, आणि २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेल्यावर ही संघटना पुन्हा जोमात आली. लागोपाठ तीन म्होरके मारूनही हा परिणाम. प्रहार चालू असेपर्यंत दबाव; प्रहार थांबले, आसरा मिळाला, की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शिवाय नेम चुकतो. मार्च २०११ मध्ये दत्ता खेल इथे खाणीच्या वादावर बसलेल्या जिरग्यावर ड्रोन पडले आणि सुमारे ४० माणसे मेली. त्यांत सरकारशी बोलणारे वडीलधारे मलिकही होते. बंडखोरांविरुद्ध ज्यांचा आधार घ्यायचा, तेच त्या दिवशी नाहीसे झाले.

जिथे बंड खरेच संपले

आता दुसऱ्या बाजूचे दाखले. पेरूच्या ‘शायनिंग पाथ’चा नेता अबिमाएल गुझमान १२ सप्टेंबर १९९२ रोजी लिमामधल्या एका घरात पकडला गेला. खाली नृत्याची शिकवणी चालत असे. वर हा राहत असे. पोलिसांच्या एका छोट्या गुप्तवार्ता पथकाने महिनोन्‌महिने पाळत ठेवली, घरातला कचरा तपासला, त्यात त्याच्या त्वचारोगावरच्या औषधांच्या नळ्या सापडल्या. त्याला पकडताना रक्त सांडले नाही. संघटना त्याच्याभोवती पूजेसारखी उभी होती, दुसरा माणूस तयार नव्हता. पुढच्या वर्षी त्याने तुरुंगातूनच शांतता कराराची भाषा सुरू केली आणि केडर गोंधळून फुटले. डोंगरात शेतकऱ्यांची सशस्त्र गस्तीपथके आधीच संघटनेला हुसकावत होती, हेही विसरू नये. सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाने सुमारे ६९ हजार बळी घेणारे हे युद्ध निर्णायक वळणावर आले ते एका अटकेने. हवाई हल्ल्याने हे झाले नाही.

श्रीलंकेत मे २००९ मध्ये प्रभाकरन मारला गेला आणि ‘एलटीटीई’ संपली. ‘लष्करी उपाय चालतच नाही’ म्हणणाऱ्यांना हा दाखला अडचणीचा आहे. पण तो नेमक्या प्रहारांचाही विजय नाही. २००४ मध्ये संघटनेचा पूर्वेकडचा सेनापती करुणा फुटला तेव्हा तिथली फौज गेली. समुद्रावर शस्त्रांची जहाजे बुडवली गेली. मग सर्व बाजूंनी जमिनीवरचे पूर्ण युद्ध झाले. शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असू शकतात, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले. लोकशाही राष्ट्राने ही किंमत मोजावी का, हा प्रश्न त्या विजयाला कायमचा चिकटला आहे.

कोलंबियाची कथा मला सर्वांत बोधप्रद वाटते. ‘फार्क’चे राऊल रेयेस, मोनो होहोय आणि अल्फोन्सो कानो हे तीन बडे नेते २००८ ते २०११ दरम्यान बॉम्बहल्ले आणि छाप्यांत मारले गेले. जंगलात आपण सुरक्षित आहोत, हा समज त्याने मोडला. पण सरकारने त्याच सुमारास बोलणीचे दारही उघडले. २०१२ मध्ये हवानात चर्चा सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये अंतिम करार झाला. त्यावर सही करणारा रोद्रिगो लोंदोन्यो हा कानोचाच वारस. जो आदेश दिला तर माणसे ऐकतील, असा एक नेता शिल्लक होता म्हणून करार शक्य झाला.

हा धागा बाकीच्या ठिकाणीही सापडतो. तालिबानच्या मुल्ला बरादरला २०१० मध्ये कराचीत पकडले; २०१८ मध्ये अमेरिकेच्याच आग्रहावरून सोडले; आणि २०२० मध्ये दोहा करारावर तालिबानतर्फे सही केली ती त्यानेच. तुर्कस्तानने १९९९ मध्ये पकडलेला ‘पीकेके’ या कुर्दी संघटनेचा नेता अब्दुल्ला ओजलान तुरुंगातच होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याने संघटना विसर्जित करा असे आवाहन केले आणि मे महिन्यात ‘पीकेके’ने तो निर्णय जाहीर केला. मेलेला नेता हुतात्मा होतो; शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश तो देऊ शकत नाही.

आपल्या घरातला अनुभव

भारताने आपल्याच एका शहरावर हवाई हल्ला केला, ही गोष्ट फार थोड्यांना आठवते. १९५९ च्या ‘मौताम’ दुष्काळात बांबू फुलला, उंदरांनी पिके फस्त केली, आणि सरकारी अनास्थेच्या संतापातून मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली. फेब्रुवारी १९६६ च्या अखेरीस तिने उठाव केला आणि ५ मार्चला वायुदलाने ऐझॉलवर मारा केला. शहर पुन्हा सरकारच्या ताब्यात आले, हे खरे. पण बंड वीस वर्षे चालले. ते संपले ३० जून १९८६ च्या मिझो कराराने. बंडाचा नेता लालडेंगा मुख्यमंत्री झाला, १९८७ मध्ये मिझोराम राज्य झाले, आणि आज ते ईशान्येतल्या सर्वांत शांत राज्यांत गणले जाते.

काश्मीरमध्ये जुलै २०१६ मध्ये बुऱ्हाण वानी मारला गेला, तेव्हा खोरे कित्येक महिने धुमसत राहिले आणि त्यानंतरच्या काळात स्थानिक तरुणांची भरती वाढली. लष्करी हिशेबात तो फार मोठा कमांडर नव्हता. समाजमाध्यमांवरच्या त्याच्या चेहऱ्याला मृत्यूने अधिक मोठे केले.

माओवाद्यांची कहाणी मात्र वेगळ्या दिशेने गेली, आणि ती आपल्या अंगणातली आहे. १९८० च्या सुमारास गोदावरी ओलांडून त्यांची सशस्त्र पथके, म्हणजे दलम, गडचिरोलीत आली. तेंदूपानाची आणि बांबूतोडीची मजुरी, वनकर्मचाऱ्यांचा जाच या खऱ्या दुखण्यांवर त्यांनी पाय रोवले. पुढे ‘खबरी’ ठरवून त्यांनी शेकडो आदिवासींना मारले. २००९ मध्ये मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन हल्ल्यांत ४८ पोलीस शहीद झाले. तिथून २०१८ ची कसनसूर-बोरियाची चकमक, मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याला सी-६० च्या १५ जवानांचा बळी, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये मर्दिनटोल्याला बडा नेता मिलिंद तेलतुंबडे याच्यासह २६ माओवाद्यांचा मृत्यू, असा प्रवास झाला. सी-६० हे १९९० मध्ये उभे राहिलेले पथक स्थानिक आदिवासी तरुणांचे. त्यांना गोंडी, माडिया येते, वाटा ठाऊक असतात, कोणत्या गावात कोणाची सोयरीक आहे हे कळते. त्यांच्या यशाचे मूळ या ओळखीत आहे.

मल्लोजुला कुटुंबातल्या दोन माओवादी भावांच्या कहाणीत हा सगळा वाद सामावतो. थोरला कोटेश्वर राव ऊर्फ किशनजी २४ नोव्हेंबर २०११ रोजी पश्चिम बंगालच्या जंगलमहालात मारला गेला. तिथे चळवळ खरोखर विझली, कारण सत्तांतर झाले होते, स्वस्त धान्य पोचत होते, स्थानिक मुलांची पोलिसांत भरती होत होती. पण बस्तरवर त्या मृत्यूचा काही परिणाम झाला नाही. मे २०१३ मध्ये झीरम घाटीत काँग्रेसच्या राज्यातल्या नेतृत्वावरच मोठा हल्ला झाला. धाकटा वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती. मे २०२५ मध्ये अबुझमाडात माओवादी पक्षाचा सरचिटणीस बसवराजू मारला गेला, त्यानंतर याने सशस्त्र लढा स्थगित करण्याची भूमिका उघडपणे मांडली. पक्षाने त्याला गद्दार ठरवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये ६० साथीदारांसह तो गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. दोनच दिवसांनी जगदलपूरला दोनशेहून अधिक माओवाद्यांनी शस्त्रे ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये त्याची पत्नी तारक्का आधीच शरण आली होती.

बसवराजूचा मृत्यू निर्णायक नव्हता, असे मी म्हणणार नाही. जंगलाच्या गाभ्यात सरचिटणीसही सुरक्षित नाही, हे त्याने दाखवले, आणि नोव्हेंबरमध्ये माओवादी कमांडर हिडमा मारला गेला तेव्हा त्यावर शिक्कामोर्तब झाले. पण तो घाव बसला तो पायाखालची जमीन आधीच सरकलेल्या संघटनेवर. २०१३ मध्ये १२६ जिल्हे नक्षलग्रस्त मानले जात; २०२४ पर्यंत ते ३८ वर आले होते. या दहा वर्षांत रस्ते आले, मोबाइल मनोरे आले, केंद्रीय दलांच्या छावण्या आत सरकल्या, शरण आलेल्यांना दिलेला शब्द बऱ्याच प्रमाणात पाळला गेला. गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला, तेव्हा मजुरीच्या ज्या प्रश्नावर दलम उभे राहिले होते त्याला कायद्यात उत्तर सापडले.

उलटे दाखलेही याच प्रदेशातले. २००५ मध्ये बस्तरात सलवा जुडूम सुरू झाले, गावे उठवली गेली, आणि माओवाद्यांना भरतीसाठी आयते कारण मिळाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवावे लागले. जून २०१२ मध्ये सारकेगुड्याला १७ जण मारले गेले. ते माओवादी असल्याचा पुरावा नाही, असे न्यायिक आयोगाने सात वर्षांनी सांगितले. २०१० मध्ये पक्षाचा प्रवक्ता आझाद शांतताचर्चेच्या पत्रव्यवहारात असताना मारला गेला. केंद्रीय तपास यंत्रणेने ती चकमक खरी ठरवली. तरी बोलणीचे ते दार बंद झाले ते झालेच.

हिशेब

या सगळ्यातून निष्कर्ष निघतो तो असा. नेमके प्रहार बंडाला रोखू शकतात, दडपू शकतात, त्याची दिशा बदलू शकतात. ते एकट्याने बंड संपवत नाहीत. बंडे संपतात तिथे तीन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: संघटना एखाद्या व्यक्तीवर किंवा आक्रसलेल्या वर्तुळावर अवलंबून असते, जमिनीवर स्थानिक माणसांचे, स्थानिक भाषा बोलणारे पोलीस आणि प्रशासन पोचलेले असते, आणि परत येणाऱ्यासाठी विश्वासार्ह दार उघडे असते. पहिली गोष्ट सरकारच्या हातात नसते. दुसरी आणि तिसरी असतात. आणि यांपैकी सर्वांत स्वस्त, तरी सर्वांत दुर्लक्षित, तिसरी आहे.

म्हणून म्होरक्या मारला गेल्याची पुढची बातमी वाचाल तेव्हा मृतांच्या आकड्यापाशी थांबू नका. त्या आठवड्यात किती शरण आले, त्या गावात सरकारचे कोण राहते, मारले गेलेले सगळे खरेच लढवय्ये होते का, याची चौकशी कोण करते, हे विचारा. केंद्र सरकारने नक्षलवाद संपवण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख जाहीर केली होती. पण गडचिरोलीत त्या यशाची परीक्षा चकमकींनी होणार नाही. सूरजागडच्या लोहखनिजाच्या नफ्यात भोवतालच्या गावांचा वाटा किती, ग्रामसभेने ‘नाही’ म्हटले तर ते ऐकले जाते का, भामरागडच्या दवाखान्यात पावसाळ्यात डॉक्टर असतो का, यांवर ती होईल. बंदुकीने सरकारला वेळ मिळवून दिला आहे. तो वाया गेला तर दोष बंदुकीचा असणार नाही.